'तुस्कानो' हे आडनाव आले कुठून?



शाळेच्या प्रवेशाच्या वेळी, नोकरीच्या मुलाखतीत, लोकलच्या गर्दीत नवी ओळख झाली की आपल्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "आडनाव काय म्हणालात? परेरा? तुस्कानो? मग तुम्ही मूळचे इथले नव्हेत का?" विचारणारा बहुतेक वेळा सहज विचारतो. परंतु उत्तर देताना आपल्यापैकी अनेकजण गडबडतात. काहीजण अभिमानाने "आम्ही पोर्तुगीज" असे सांगून मोकळे होतात, तर काहींना उगाच ओशाळल्यासारखे होते. ही दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. आपल्या आडनावाचा इतिहास आपल्यालाच ठाऊक नसेल, तर आपल्या मुलांना तो कोण सांगणार? म्हणून या रविवारी आपण एक आडनाव नमुन्यादाखल घेऊ या आणि त्याचा उगम, अर्थ व प्रसार समजून घेऊ या.

हे आडनाव आहे 'तुस्कानो'. वसईच्या ख्रिस्ती गावांतून, विशेषतः सामवेदी ख्रिस्ती समाजात, ते ठिकठिकाणी आढळते. मराठीत विज्ञानविषयक लेखन करणारे जोसेफ तुस्कानो यांच्यामुळे ते मराठी वाचकांनाही परिचित आहे. गंमत अशी की हे आडनाव मुळात पोर्तुगीज नाही. त्याचे मूळ इटलीत आहे.

नावातला प्रदेश

इटलीच्या मध्यभागी 'तोस्काना' नावाचा प्रांत आहे. इंग्रजीत त्याला टस्कनी म्हणतात. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना ही प्रसिद्ध शहरे याच प्रांतातली. सिएनाची संत कॅथरीन (१३४७-१३८०) इथलीच आणि महाकवी दान्तेही इथलाच. प्राचीन काळी या भागात एत्रुस्कन लोक राहत. लॅटिन भाषेत त्यांना 'तुस्की' म्हणत. त्यावरून प्रांताचे नाव पडले आणि त्या प्रांताचा माणूस तो 'तोस्कानो'.

म्हणजे तोस्कानोचा अर्थ आपल्या मराठीत सांगायचा तर 'तोस्कानाकर'. आपल्याकडे नागपूरकर, सातारकर, चिपळूणकर, वाडेकर आहेत, तसाच हा प्रकार.

आता एक साधा प्रश्न विचारू या. नगरमध्ये राहणाऱ्याला नगरमध्येच कोणी 'नगरकर' म्हणून वेगळे ओळखेल का? तिथे तर सगळेच नगरकर! तो माणूस पुण्याला किंवा मुंबईला जाऊन राहिला, की तिथले लोक त्याला नगरकर म्हणू लागतात. गावाचे नाव आडनावाला चिकटते ते बहुधा गाव सुटल्यावर. इटलीतही हेच झाले. 'तोस्कानो' हे आडनाव खुद्द तोस्काना प्रांतापेक्षा दक्षिण इटलीत, कालाब्रिया आणि सिसिली या भागांत अधिक आढळते. 'लोंबार्दो' म्हणजे उत्तरेकडील लोंबार्दी प्रांताचा. पण हे आडनाव सर्वाधिक आहे ते दक्षिणेकडील सिसिली बेटावर. पोटापाण्यासाठी, व्यापारासाठी लोक खाली दक्षिणेत गेले, आणि नव्या गावाने त्यांना जुन्या गावाच्या नावाने हाक मारली. तोस्कानो हे मुळात स्थलांतर करणाऱ्या माणसाचे नाव आहे.

इटलीहून पोर्तुगालला, पोर्तुगालहून वसईला

पंधराव्या व सोळाव्या शतकांत लिस्बन हे मोठे बंदर होते आणि इटलीचे, विशेषतः फ्लॉरेन्स व जिनोआचे, व्यापारी तिथे स्थायिक झाले होते. बार्तोलोमेओ मार्किओन्नी नावाच्या फ्लॉरेन्सच्या सावकाराने १५०० साली भारताकडे निघालेल्या काब्रालच्या ताफ्यातील एका जहाजासाठी पैसा पुरवला होता. अशा येण्याजाण्यातून 'तोस्कानो' हे आडनाव स्पेन-पोर्तुगालमध्येही रुजले.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, तिथे पोर्तुगीज सत्ता होती. या काळात फ्रान्सिस्कन, जेज्वीट आदी संघांच्या मिशनऱ्यांनी वसई परिसरात धर्मप्रसार केला. बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिस्ती व्यक्तीला संताचे नाव मिळे आणि बहुधा धर्मपित्याचे, म्हणजे गॉडफादरचे, आडनाव लागे. धर्मपिता पोर्तुगीज शिपाई असो, अधिकारी असो की व्यापारी, त्याचे जे आडनाव तेच त्या कुटुंबाचे झाले. एकाच धर्मपित्याच्या नावाने अनेक कुटुंबांचा बाप्तिस्मा झाला, तर सगळ्यांचे आडनाव एक. म्हणूनच आज दोन तुस्कानो किंवा दोन लोपीस कुटुंबे भेटली, तरी त्यांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही.

सामवेदी ख्रिस्ती समाजाला 'कुपारी' असेही म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे' या शब्दावरून आला असे सांगितले जाते. मुलाचे आईवडील आणि मुलाचा धर्मपिता एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात, ते नाते म्हणजे कोंपाद्रे. अख्ख्या समाजाला बाप्तिस्म्याच्या नात्यावरून नाव मिळावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आता 'तोस्कानो'चा 'तुस्कानो' कसा झाला? पोर्तुगीज बोलीत आघात नसलेला 'ओ' हा 'उ'सारखा उच्चारतात. त्यामुळे कागदावर 'तोस्कानो' असले तरी कानावर 'तु' पडतो. आपल्या पूर्वजांनी कानाने ऐकले तसे म्हटले, आणि पुढे लिहिणाऱ्यांनी तसेच लिहिले. हा एक 'उ'कार सांगतो की हे नाव इटलीचे असले तरी आपल्यापर्यंत पोहोचले ते बहुधा पोर्तुगीज तोंडातून.

तेव्हा नीट लक्षात ठेवू या. तुस्कानो आडनावाचा माणूस इटालियन वंशाचा ठरत नाही. आडनाव प्रवास करून आले. कुटुंब मात्र वसईच्या मातीतले, तिथल्या वाड्यांत शेती-बागायती करणारे आणि घरात मराठीची सामवेदी बोली बोलणारे.

तोस्कानाचे आणखी दोन धागे

तोस्काना प्रांताशी आपले नाते केवळ आडनावापुरते नाही. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ठेवले आहेत, तो चौथरा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने भेट दिलेला आहे. फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांनी तो घडवला आणि १६९८ साली तो गोव्यात उभारण्यात आला. २०२४-२५ च्या अवशेष-दर्शन सोहळ्याला आपल्यापैकी जे गेले असतील, त्यांनी तो पाहिला असेल.

दुसरा धागा फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याचा. तो भारतात आला आणि १५८८ साली गोव्यात वारला. इथली भाषा ऐकताना त्याच्या ध्यानात आले की संस्कृतमधील कित्येक शब्द त्याच्या मातृभाषेशी जुळतात. सप्त आणि 'सेत्ते', अष्ट आणि 'ओत्तो', नव आणि 'नोव्हे', सर्प आणि 'सेर्पे', देव आणि 'दिओ'. पुढे दोनशे वर्षांनी विद्वानांनी ज्या भाषाकुळाचा सिद्धान्त मांडला, त्याची चाहूल या व्यापाऱ्याला लागली होती. परका समजलेला माणूस आपल्यापासून किती जवळ असू शकतो, हे त्याला शब्दांनी शिकवले.

'जिवंत पाणी' नावाचा धर्मगुरू

आणखी एक इटालियन आडनाव आपल्या भूमीशी जोडले गेले आहे. फादर रोदोल्फो अक्वाविवा हे जेज्वीट धर्मगुरू १५७८ साली गोव्यात आले आणि १५८० साली सम्राट अकबराच्या निमंत्रणावरून फत्तेपूर सिक्रीला गेले. 'अक्वा' म्हणजे पाणी, 'विवा' म्हणजे जिवंत. अक्वाविवा म्हणजे जिवंत पाणी, वाहता झरा. इटलीत झऱ्याकाठच्या गावांना हे नाव असे आणि अशाच गावाच्या जहागिरीवरून त्या सरदार घराण्याला ते मिळाले. शोमरोनी स्त्रीला प्रभू येशूने विहिरीकाठी जे देऊ केले (योहान ४), तेच शब्द या धर्मगुरूच्या आडनावात होते.

१५८३ साली गोव्यातील कुंकळ्ळी गावी फादर अक्वाविवा आणि त्यांचे चार जेज्वीट सहकारी मारले गेले. १८९३ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. मात्र ही हकीकत सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याआधी पोर्तुगीज सैन्याने त्या भागातील देवळे उद्ध्वस्त केली होती आणि नंतर सूड म्हणून गावच्या प्रमुखांना ठार मारले. सुवार्ता आणि तलवार एकाच जहाजातून आली की अशी जखम होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोम येथे, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली वापरलेल्या अशा मार्गांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. आपल्या आडनावांचा इतिहास सांगताना हे लपवण्याची गरज नाही आणि त्यासाठी आपला विश्वास सोडण्याचीही गरज नाही.

आपल्या अवतीभवतीची आडनावे

आपल्या परिसरात कारखान्यांच्या निमित्ताने ठिकठिकाणचे लोक आले. त्यामुळे एका मिस्साला जमलेल्या लोकांच्या आडनावांतच अर्धा भारत सापडतो. या आडनावांचे साधारण चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार: बापाच्या नावावरून. पोर्तुगीज नावांच्या शेवटी येणारा '-एस' किंवा '-ईश' म्हणजे 'चा मुलगा'. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, घोन्सालवीस म्हणजे गोन्सालोचा, पिरिस म्हणजे पेद्रोचा, अर्थात पेत्राचा. उल्हासनगरमधील आपल्या सिंधी शेजाऱ्यांची लालवाणी, मोटवाणी ही आडनावे पाहा. तिथे '-आणी' हा प्रत्यय वंशज दाखवतो. रीत तीच, भाषा वेगळी.

दुसरा प्रकार: गावावरून, नदीवरून. तुस्कानो हा याच गटातला. डिसोजा हे पोर्तुगालमधील सौझा नदीवरून आले. मराठीतील सगळे 'कर' इथेच बसतात.

तिसरा प्रकार: झाडे, प्राणी, अवजारे. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष, सिल्वा म्हणजे रान, कुएलो म्हणजे ससा, लोबो म्हणजे लांडगा, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. आपल्याकडे वाघ, मोरे, आंबेकर, फणसे आहेतच की!

चौथा प्रकार: व्यवसायावरून. इटलीतील फेरारी हे नाव ऐकले की आपल्याला महागडी मोटार आठवते. पण त्याचा अर्थ सरळ 'लोहार' असा आहे. पोर्तुगीज फरेराही लोखंडाशीच संबंधित. म्हणजे फेरारी, फरेरा आणि लोहार हे तिघे एकाच भात्यापुढे बसलेले.

याशिवाय केरळचे आपले बांधव आहेत. त्यांच्याकडे घराण्याचे नाव आणि वडिलांचे नाव लावण्याची पद्धत आहे. वर्गीस म्हणजे जॉर्ज, चाको म्हणजे याकोब. आणि नगर, जालना, नाशिककडून आलेले आपले मराठी बांधव आहेत. तिकडे मिशनकार्य मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढले. तोवर पोर्तुगीज सत्ता नव्हती आणि परदेशी आडनाव देण्याची रीतही नव्हती. म्हणून साळवे साळवेच राहिले, गायकवाड गायकवाडच राहिले. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेही टिळकच राहिले.

आडनाव आणि प्रतिष्ठा

इथे एक कटू गोष्ट बोलायला हवी. 'परेरा' म्हटले की ख्रिस्ती आणि 'कांबळे' म्हटले की "तुम्ही नवीन ख्रिस्ती का?" असे विचारणारे आपल्यातच आहेत. लग्नाच्या बोलणीत आडनाव पाहून पुढची पायरी ठरवली जाते. जुने आडनाव, नवे आडनाव असा भेद केला जातो आणि त्याआडून जातीचा हिशोब मांडला जातो. ज्या आडनावाचा आपण तोरा मिरवतो, ते आपल्या पूर्वजांना एका दिवशी बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ, बहुधा एका अनोळखी माणसाकडून मिळाले. ते आपण कमावलेले नाही. आणि ज्यांनी आपले आडनाव बदलले नाही, त्यांचा बाप्तिस्मा तसूभरही कमी नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे अगदी स्पष्ट आहे. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना विचारतात की बाळाचे नाव काय ठेवता. तिथे आडनाव विचारले जात नाही. पाणी ओतताना जे उच्चारले जाते, ते बाळाचे स्वतःचे नाव आणि पित्याचे, पुत्राचे व पवित्र आत्म्याचे नाव. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२७-२८) संत पौल सांगतात की ख्रिस्त परिधान केलेल्यांमध्ये यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही. पोपपदी निवड झाली की पोपही आपले आडनाव मागे ठेवतात. पोप फ्रान्सिस यांचे बेर्गोलियो घराणे इटलीच्या पिएमोंते प्रांतातले. त्यांचे वडील १९२९ साली अर्जेंटिनात स्थलांतरित झाले. म्हणजे तेही एका स्थलांतरित कुटुंबाचे पुत्र. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा जगाने त्यांना 'फ्रान्सिस' या एका नावानेच निरोप दिला.

दुसरीकडे बाहेरच्यांनाही आपण उत्तर देऊ शकलो पाहिजे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काहींनी ते ख्रिस्ती धर्मगुरू असल्याबद्दल आक्षेप घेतला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे ते संमेलन पार पडले. ज्यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, त्यांचे मराठीपण आडनावावरून ठरवायचे का? त्यांचे लेखन हेच त्याचे उत्तर होते. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले.

नासरेथकर

पवित्र शास्त्रातही हे सगळे प्रकार आहेत. 'बार्तिमय' म्हणजे तिमयाचा मुलगा. मग्दालिया मरिया ही मग्दाला गावची. आपल्या मराठी बायबलमध्ये अरिमथाईकर योसेफ आहे, कुरेनेकर शिमोन आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येशू 'नासरेथकर' आहे.

नासरेथ हे काही मानाचे गाव नव्हते. नथनेलाने तर त्या गावातून काही चांगले निघेल का, अशीच शंका काढली होती (योहान १:४६). पिलाताने क्रुसावर जो लेख लावला, त्यातही गावाचे नाव होते (योहान १९:१९). ज्या नावाने लोकांनी हिणवले, तेच नाव प्रभूने क्रुसावर डोक्याशी धारण केले. म्हणून आडनावावरून कोणी हिणवले तर खचू नये, आणि आडनावावरून आपण कोणाला हिणवू नये. देव आपल्याला आपल्या नावाने हाक मारतो (यशया ४३:१), आणि आपली नावे स्वर्गात लिहिली गेली आहेत यातच खरा आनंद मानावा, असे प्रभूने शिष्यांना सांगितले (लूक १०:२०).

घरी करण्यासारखे

१. त्रेन्त येथील विश्वपरिषदेने १५६३ साली धर्मग्रामांना नोंदी ठेवण्याचे बंधन घातले. आजही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, जन्म व बाप्तिस्म्याची तारीख लिहिली जाते. मूळ गावच्या चर्चमधून आपल्या आजी-आजोबांच्या नोंदी मिळतात का, ते पाहा.

२. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा: पोर्तुगीज आडनावाआधीचे आपले घराण्याचे नाव कोणते? वाडीत आपल्या घराला काय म्हणत? ते आजच वहीत लिहून ठेवा. ही माहिती म्हाताऱ्या माणसांबरोबर निघून जाते.

३. बाप्तिस्म्याचा दाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला व पासपोर्ट यांवर आडनावाचे एकच स्पेलिंग आहे ना, ते तपासा. डिसोजातील वरचे टिंब किंवा तुस्कानोतील 'ओ'-'यू' यांवरून पुढे कामे अडतात. चर्चच्या नोंदवहीत परस्पर खाडाखोड करता येत नाही; दुरुस्ती हवी असल्यास कागदपत्रे घेऊन धर्मगुरूंना भेटावे.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या आडनावाचा अर्थ काय? वरील चारपैकी ते कोणत्या प्रकारात बसते?

२. आपल्या धर्मग्रामात आडनावावरून, भाषेवरून किंवा प्रांतावरून कोणाला दूर ठेवले जाते का? समित्यांमध्ये, गायनवृंदात, सणाच्या तयारीत कोणाला बोलावले जात नाही?

३. आपल्या मुलाला कोणी "तुम्ही इथले नाही" असे म्हटले, तर त्याने काय उत्तर द्यावे असे आपल्याला वाटते?

चर्चेनंतर एक कृती करू या. पुढील रविवारी मिस्सा संपल्यावर, ज्याचे आडनाव आपल्याला ठाऊक नाही अशा एका कुटुंबाशी ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव विचारू या, गाव विचारू या, आणि जमल्यास चहालाही घरी बोलवू या.